शेलूबाजारातल्या तीन मुक्या मशिनी

शेलूबाजारात केबल टीव्ही मी आणला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. गच्चीवर परातीसारखी डिश चढवली त्या दिवशी अर्धा बाजार मान वर करून उभा होता आणि मी कठड्यावर एक पाय ठेवून असा उभा होतो, जणू आभाळाचं झाकण मीच उघडणार आहे. पुढे घरोघर छोट्या छत्र्या आल्या, मग लोकांच्या खिशातच टीव्ही आला, आणि आता मी गोदामांत आणि दुकानांत कॅमेरे बसवतो. पण हाताला वळण आहे ते केबलचंच.

केबलवाल्याच्या डोक्यात वायर म्हणजे झाड असतं. हायवेच्या कडेनं खोड न्यायचं, गल्लीगल्लीत फांद्या काढायच्या, प्रत्येक घरात एक डहाळी सोडायची. टोक उघडं राहिलं तर राहू द्यायचं; उद्या तिथे नवं घर होईल. चित्रात मुंग्या आल्या तर मध्ये बूस्टर लावायचा. बस्स. एवढ्या विद्येवर मी दोन मुलींची लग्नं केली. आणि एवढ्याच विद्येवर एका भल्या बाईचं भर कार्यक्रमात हसं करून ठेवलं.

त्या बाई म्हणजे आमच्या टायपिंगच्या मॅडम. बुद्धविहाराला लागून त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत बारा टाइपरायटर. ते एकदम चालू झाले की हायवेवरून ट्रक गेला तरी कळायचं नाही. आसपासच्या खेड्यांतले विद्यार्थी सकाळच्या जीपला लोंबकळत यायचे, तासभर खटखट करायचे आणि परत जायचे. त्यातले कितीतरी पुढे तहसिलीत, कोर्टात, रेल्वेत चिकटले. मॅडमचे वडील दुसऱ्याच्या वावरात राबलेले. घराण्यात मॅट्रिक झालेल्या या पहिल्या. विद्यार्थ्याची चूक झाली की त्या ओरडायच्या नाहीत. चुकीभोवती लाल गोल काढायच्या, कोरं पान पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." त्यांची आणखी एक खूण आम्हा सगळ्यांना पाठ होती. मॅडम आपल्यासारखं वऱ्हाडी बोलत असल्या की सगळं ठीक. एकदम पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलू लागल्या की समजावं, आपली धडगत नाही.

तर नव्वदच्या दशकात, टाइपरायटरचे दिवस संपत आले हे गावात सगळ्यात आधी मॅडमला कळलं. त्यांनी अकोल्याहून तीन घरगुती कंप्युटर आणले. जाहिरातीच्या कागदावर एक हसरं कुटुंब कंप्युटरभोवती असं बसलेलं होतं, जसं आपण शेकोटीभोवती बसतो. पांढरी पेटी, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि प्रत्येक पेटीच्या पाठीला एक गोल धातूचं तोंड. त्या तोंडात वायर लावली की तिन्ही मशिनी एकमेकींशी बोलतात, असं विक्रेत्यानं सांगितलं होतं. एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटतं. आज ऐकायला काहीच वाटत नाही. तेव्हा ऐकून माझ्या हातातला चहा निवला होता.

मॅडमनं उद्घाटनाचा कार्यक्रम ठरवला आणि वायरिंगसाठी मला बोलावलं. गावात वायरचा माणूस मीच. विक्रेत्यानं दोन तुकडे दिले होते, एकेक वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढा लांब. मशिनी शेजारी शेजारी ठेवायच्या, मधून तुकडे लावायचे, झालं. पण माझ्यातला नट उसळला.

"मॅडम, तिन्ही मशिनी एका टेबलावर ठिवल्या तं लोकं म्हनतीन, माना वाकड्या करून एकमेकाचं वाचून राह्यले. एक मशीन इथं ठिवू, एक तुमच्या सैपाकघरात, अन् एक विहाराच्या हॉलमंधी. इकडे तुमी लिहा, तिकडे हॉलात टाळ्या!"

"वायर पुरते का पन?"

"वायरची चिंता तुमी कायले करता? मी हावो ना."

आणि मी माझी टीव्हीची वायर आणली. झाडासारखी पसरली. मधोमध टीव्हीचा स्प्लिटर लावला, तीन फांद्या काढल्या. मशिनींसोबत आलेल्या डब्यात अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन धातूच्या टोप्या होत्या, त्या बाजूला काढून ठेवल्या. मला वाटलं, गॅसच्या सिलिंडरला नाही का वर झाकण असतं, तसं धूळ जाऊ नये म्हणून दिलं असेल.

उद्घाटनाला गाव लोटलं. मॅडमनं माइकवरून सांगितलं की आता ही तीन यंत्रं एकमेकींशी बोलतील. त्यांनी पुढच्या खोलीत 'नमस्कार' टाइप केलं, रोमन अक्षरांत. गर्दी स्वयंपाकघरात धावली. पडदा कोरा. गर्दी विहारात धावली. तिथला पडदाही कोरा. मी बूस्टर लावला. कोरा. दुसरा बूस्टर लावला. कोरा. पाहुणे या दारातून त्या दारात असे फिरत होते, जसे लग्नात आहेराची जागा शोधतात. पाऊण तासानं मॅडमनं माइक हातात घेतला, माफी मागितली आणि माइक इतक्या हळू खाली ठेवला की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

आता खरी गंमत माझी. बाहेर पानठेल्यावर सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण वायर माझी होती. मी एक क्षण थांबलो, पानाला चुना लावावा तसा शब्दांना लावला आणि म्हणालो, "माझी वायर एकदम टंच हाये भाऊ. मॅडमच्या मशिनीच मुक्या निंगाल्या, तं वायर का करीन!" असा हशा पिकला! महिनाभर तेच वाक्य बाजारात फिरत होतं. फिरत फिरत ते मॅडमच्याही कानावर गेलं, भाजी घेताना. त्यांनी कंप्युटरचा क्लास काढलाच नाही. तिन्ही मशिनी माळ्यावर गेल्या आणि मॅडम पुढची कितीतरी वर्षं टाइपरायटरच शिकवत राहिल्या, शेवटचा विद्यार्थी जाईपर्यंत.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. विसरायला मला सोपंच होतं.

परवाच्या उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. त्या आता घर आवरून अमरावतीला मुलीकडे चालल्या होत्या. पुढच्या सोमवारी ट्रक येणार होता. मला वाटलं, डिश उतरवायला बोलावत असतील. पोचलो तर तिन्ही मशिनी माळ्यावरून उतरवून टेबलावर ओळीनं मांडलेल्या. पांढऱ्याच्या पार पिवळ्याधमक झालेल्या.

"भंगारवाला शनिवारी येते," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आंधी मले एकडाव पाह्यचं हाये."

"काय पाह्यचं हाये मॅडम?"

"खराब मशिनी व्हत्या का मी. येवढ्या वर्षांत मले हेच समजलं नाई. मी माइकवर सांगतलं अन् थे झालं नाई. आपल्याले समजत नसतानी आपन बोल्लो का? जाच्या आंधी येवढं मले पाह्यचं हाये, बस."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "बोलत्या करतो मॅडम! तीनच्या तीन!" माझी छाती नेहमी माझ्या डोक्याच्या आधी बोलते.

मदतीला मी माझ्या वर्गमित्राला घेतलं. याची गावाबाहेर वांग्यांची आणि मेथीची बाग आहे, म्हणून आम्ही त्याला वांगेवालाच म्हणतो. मॅडमकडे टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला हा आमच्या गावातला पहिला इसम, आणि त्यानंतर आयुष्यात एक अक्षर टाइप न केलेलाही पहिलाच. उद्घाटनाच्या दिवशी विहारातल्या मशिनीवर हाच बसला होता, कोऱ्या पडद्यासमोर, नवा शर्ट घालून.

"काहून बे," तो म्हणाला, "तवा तुयाकडून झालं नाई, आता मातारपनी करून राह्यला?"

"मातारा तू. मी कलाकार हावो."

आम्ही झाकणं उघडली. पहिल्या पेटीत पालीची अंडी निघाली, दुसरीत मुंग्यांचं एक रिकामं गाव, आणि तिसरीत मॅडमच्या हरवलेल्या चष्म्याची काडी, जी तिथे कशी गेली हे त्यांनाही सांगता येईना. मी फुंकर मारली, ब्रश फिरवला, फुगलेले छोटे भाग काढून त्यांच्या जागी नवे डाग देऊन बसवले. फ्लॉप्यांवर बुरशी होती ती कापसानं पुसली. दुसऱ्या दिवशी पहिल्या मशिनीनं एक लांब शिट्टी मारली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली. तिला आजची तारीख काही केल्या पटेना. तिच्या लेखी अजून ते जुनंच साल चालू होतं. वांगेवाला म्हणाला, "हे मशीन तुया बायकोसारखं हाये. जुन्या गोष्टी सोडतच नाई."

तिसऱ्या दिवशी मी मशिनीच्या जुन्या खोक्याच्या तळाशी हात घातला आणि एक घडी घातलेला कागद वर आला. सोबतचं माहितीपत्रक. तेव्हा ते इंग्रजीत होतं म्हणून मी उघडलंही नव्हतं. आता कॅमेऱ्यांच्या धंद्यात तेवढं इंग्रजी येतं, आणि शिवाय चित्र होतं. चित्रात तीन मशिनी होत्या, त्यांच्यातून जाणारी एकच सरळ वायर होती. झाड नाही. फांद्या नाहीत. आणि वायरीच्या दोन्ही टोकांना दोन टोप्या.

मी तो कागद घेऊन संडासात गेलो आणि कडी लावून पुन्हा वाचला. त्या टोपीच्या पोटात एक रोध, म्हणजे रेझिस्टर, असतो. विहिरीत हाक मारली की ती फिरून आपल्याच अंगावर येते ना, तसं उघड्या टोकाला पोचलेलं बोलणं फिरून परत येतं आणि मागून येणाऱ्या बोलण्यात मिसळतं. सगळा गोंधळ होतो. टोपी ते बोलणं पिऊन टाकते, म्हणून वायर शांत राहते. मी टोप्या काढल्या होत्या, वायर चुकीच्या जातीची घेतली होती, फांद्या काढल्या होत्या, आणि वर दोन बूस्टर लावले होते, जे एकाच दिशेनं चालतात. मशिनी कितीही बोलक्या असत्या तरी माझ्या त्या वायरीत त्यांनी तोंड कसं उघडावं?

मशिनी मुक्या नव्हत्या. मॅडमही चुकल्या नव्हत्या.

रात्रीच्या जेवणाला मी बायकोला सांगितलं. तिनं भाकर थापता थापता ऐकून घेतलं.

"मंग सांगून टाका त्याहिले."

"सांगतो ना. मशिनी चालू झाल्या का सांगतो."

"अन् नाई झाल्या तं?"

भाकर परतून ती म्हणाली, "नाई झाल्या तं मशिनीच खराब, अन् तुमी सुटले. असंच ना? मले तुमचा चेहरा वाचता येते, त्याले कोनती वायर लागत नाई."

माझी बायको हा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रेक्षक आहे, ज्यानं कधी टाळी वाजवली नाही.

मूळच्या टोप्या कुठे गेल्या देव जाणे. मी दोन नव्या बनवल्या. कॅमेऱ्याच्या वायरीला जी गोल पिन लावतात ती घेतली, तिच्यात दोन-दोन रोध जोडून डाग दिला. विक्रेत्यानं दिलेले दोन मूळ तुकडे माळ्यावर जसेच्या तसे गुंडाळलेले होते. या वेळी मी झाड काढणार नव्हतो. एका खोलीत तीन टेबलं, एक सरळ रेषा, दोन टोकांना दोन टोप्या. मॅडम डावीकडे, वांगेवाला मध्ये, मी उजवीकडे.

गुरुवारी दुपारी आम्ही बसलो. मॅडमनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. प्रोग्राम चालू झाला. मॅडमनं पाठ ताठ केली, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, मनगटं वर, आणि टाइप केलं.

वांगेवाल्याचा पडदा कोरा. माझा पडदा कोरा.

त्यांनी पुन्हा टाइप केलं. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं, तीही चालू होत नव्हती.

मॅडमनं हात मांडीवर घेतले. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मशिनीच खराब व्हत्या मंग. पन मले हे तवाच समजाले पाह्यजे व्हतं. इकत घेतल्या ना मी, न पाह्यता." त्या हसल्या, पण ते हसू त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, मला वाईट वाटू नये म्हणून. "तुया लय टाइम गेला बाप्पा. चाय मांडतो." आमच्या भागात बायकाही अशाच बोलतात, 'मांडतो', 'जातो', आणि मॅडम अजून वऱ्हाडीत होत्या, म्हणजे माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या. तेच जास्त टोचत होतं.

कारण मला दिसलं होतं. माझं टेबल थोडं दूर होतं, म्हणून मुख्य वायरीपासून माझ्या मशीनपर्यंत मी हातभर तुकडा जोडला होता. सवयीनं. केबलवाल्याचा हात; घर दिसलं की डहाळी काढतो. आणि माहितीपत्रकातल्या चित्रात वायर थेट मशीनच्या पाठीला टेकून पुढे गेलेली होती, मध्ये एक बोटभरही तुकडा नव्हता.

मॅडम उठत होत्या. मला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात एकदाच गप्प बसायचं होतं, आणि सगळं मिटत होतं. चहा आला असता, शनिवारी भंगारवाला आला असता, सोमवारी ट्रक.

"थांबा मॅडम," मी म्हणालो.

मी तो तुकडा उपटून काढला. वांगेवाल्याला म्हटलं, टेबल सरकव. त्यानं टेबल असं ओढलं की फरशीवर ओरखडा उठला. मशीन वायरीपाशी आणली, वायरीचा तीन तोंडांचा जोड थेट तिच्या पाठीत बसवला, टोपी घट्ट केली.

"आता लिहा."

मॅडम उभ्याउभ्याच वाकल्या आणि बोटं चालवली. माझ्या पडद्यावर एक हिरवं अक्षर आलं. मग दुसरं. मग ओळ धावत आली: ए एस डी एफ जी एफ, आणि तिच्यामागून उजव्या हाताची ओळ. टायपिंगचा पहिला धडा! 'नमस्कार' नाही, काही नाही. बोटांना जे आधी आठवलं ते.

"आलं!" मी ओरडलो.

"इकडेबी आलं!" वांगेवाला उठून उभा राहिला, आणि मग लगेच बसून त्यानंही तीच ओळ टाइप केली, जिभेचं टोक दातात धरून. मॅडम तिन्ही टेबलांपाशी फिरत एकेक पडदा पाहत होत्या. शेवटी एका मशीनच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"चांगल्या व्हत्या रे," त्या हळूच म्हणाल्या. "बिचाऱ्या चांगल्या व्हत्या."

मला तोंडानं बोलता येईना. माझ्या बाबतीत हे नवीनच होतं. म्हणून मी बसलो आणि दोन बोटांनी टाइप केलं: मॅडम, त्या दिवशी टोपी मी काढली होती. वायर माझी चुकली. मशिनी मुक्या हे नावपण मीच ठेवलं.

डावीकडच्या पडद्यावर ते उमटलं. मधल्या पडद्यावरही उमटलं; तिथेही उमटेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अबे!" वांगेवाला म्हणाला. "थो तू व्हता? अन् मी येवढे साल अकोल्याच्या मानसाले शिव्या देऊन राह्यलो!"

मॅडमनं सगळं वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या. मी माहितीपत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं, टोपीवर बोट ठेवलं, विहिरीतल्या हाकेची गोष्ट सांगितली. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे तुला केव्हा समजलं?"

शुद्ध मराठी. माझी धडगत नव्हती.

"मंगळवारी, मॅडम."

"आज कोणता वार आहे?"

"गुरुवार."

"मंगळवारी समजलं आणि तू मला गुरुवारी सांगतो आहेस. आणि मशीन चालू झाली नसती, तर केव्हा सांगणार होतास?"

वांगेवाला छताकडे पाहत होता. त्याला हसू आवरत नव्हतं आणि हसण्याची हिंमतही होत नव्हती.

"चूक वायरीची झाली ते मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "ते तुला माहीत नव्हतं. पण नाव कशाला ठेवलंस? ते तर तुला माहीत होतं. मी सहा महिने भाजी आणायला स्वतः गेले नाही. माहीत आहे?"

"नाई मॅडम."

"आता ऐक. त्या दिवशी या घरात जे लोक आले होते, त्यांच्यातले जे आज गावात आहेत, त्या प्रत्येकाकडे जा. सांग, यंत्रं चांगली होती, चूक तुझी होती. रविवारी मला येऊन सांग कोण काय म्हणालं. आणि तिखटमीठ लावू नकोस."

शेवटची अट फार कडक होती.

मी निघालो. आधी पानठेल्यावर गेलो, कारण नाव तिथूनच निघालं होतं. ठेला आता मालकाचा मुलगा चालवतो, पण मालक मागे खाटेवर बसलेले असतात. मी उभा राहून, हात जोडून, सगळं सांगितलं. ते डोळे बारीक करून ऐकत होते.

"मॅडमकडे कंप्युटर व्हते?" ते म्हणाले. "कवा?"

मी म्हटलं, अहो, उद्घाटन नाही का झालं होतं, मोठं. तीन मशिनी. मुक्या मशिनी! मी ते माझं गाजलेलं वाक्य त्यांना जसंच्या तसं, त्याच सुरात म्हणून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

दुसरीकडे गेलो, निवृत्त पोस्टमनकडे. त्यांना वाटलं मी कॅमेरा बसवायला आलोय. मग किराणावाल्याकडे, मग विहाराच्या कमिटीतल्या दोघांकडे, मग हायवेवर जीप चालवणाऱ्या एकाकडे, ज्यानं उद्घाटनाला फुकट फेऱ्या मारल्या होत्या. शुक्रवार गेला, शनिवार गेला. प्रत्येकाच्या दारात मी माझा गुन्हा कबूल करत होतो आणि प्रत्येकजण मला पाणी देऊन विचारत होता की तब्येत बरी आहे ना. महिनाभर बाजारात फिरलेलं माझं वाक्य! एकालाही आठवत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मॅडमसाठी मला हलकं वाटलं आणि माझ्यासाठी जरा दुःखच झालं.

पण एक गोष्ट आठवत होती. आधी जीपवाल्याला आठवली, मग पोस्टमनच्या बायकोला, मग कमिटीतल्या दोघांनाही. ती ऐकता ऐकता माझीही आठवण ताजी झाली. आणि रविवारी मी मॅडमकडे गेलो.

घर निम्मं रिकामं झालं होतं. भंगारवाल्याला त्यांनी शनिवारी दारातूनच परत पाठवलं होतं. तिन्ही मशिनी जुन्या चादरींत गुंडाळून अमरावतीच्या सामानात ठेवलेल्या होत्या. मुलीनं फोनवर काय म्हटलं असेल ते मी विचारलं नाही. वांगेवाला भांड्यांची बोचकी बांधत होता.

"बोल," मॅडम म्हणाल्या. "कोन काय म्हनलं?"

वऱ्हाडी! मला जीव आला.

"मॅडम, सगळ्याहिले सांगतलं. पन कोनालेच आठोत नाई."

"काय आठोत नाई?"

"काहीच नाई. कंप्युटर आठोत नाई, मशिनी चालल्या नाई थे आठोत नाई, मुक्या म्हनलं थे आठोत नाई."

मॅडम माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी तिखटमीठ लावतोय का, हे तपासत होत्या.

"काहीच?"

"एकच गोष्ट आठोते सगळ्याहिले. थ्या दिवशी कढी अन् आलूबोंडे व्हते. जीपवाला म्हनते, तसे आलूबोंडे मले पुन्हा कुठी भेटले नाई. पोस्टमनच्या घरचे म्हनतात, कढीत काय टाकलं व्हतं विचारून या."

मॅडमच्या खांद्यांना हलका धक्का बसला, आणि मला वाटलं रडतायत की काय. पण त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना लावला, आणि वांगेवाल्याकडे बोट दाखवून त्यांना काहीतरी म्हणायचं होतं ते म्हणताच येईना.

"मी बाजारातून जातानी मान खाली घालून जावो," त्या शेवटी म्हणाल्या, "अन् हे लोकं मले पाहून आलूबोंडे आठवत व्हते!"

"हाव मॅडम."

"अरे, थे मीच केले व्हते. सकाळी चारपासून. दोनशे. अन् थ्या मशिनीच्या गडबडीत मले एकबी भेटला नाई. तुमी सगळ्याहिनं फस्त केले."

"मी सहा खाल्ले व्हते," वांगेवाला बोचक्यामागून म्हणाला.

"तू आठ खाल्ले," मॅडम म्हणाल्या. "मी मोजले व्हते."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कढई, झारा, मोठं पातेलं, सगळं त्या शेवटच्या बोचक्यात गेलं होतं, आणि वांगेवाला त्यावर गुडघा ठेवून दोरी आवळत होता.

"सोड थे गाठ," मॅडम त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू काहून उभा राह्यला? दोन किलो आलू आन."